तिकोचिनची वही



बचत गटाच्या कामाबद्दल आम्ही दर महिन्याला आपल्या रेडिओवर बोलतो. कर्जाचा अर्ज कसा भरायचा, लोणच्या-पापडाचा परवाना कुठं मिळतो, बँकेत खातं उघडताना कोणकोणते कागद लागतात, असे आपले नेहमीचे विषय असतात. आज आम्ही तुम्हाला एका लांबच्या गावाला नेणार आहोत. हे गाव पोलंड देशात आहे. त्याचं नाव तिकोचिन. आम्ही तिथं गेलेलो नाही. आमच्यातल्या कुणाकडे पासपोर्टसुद्धा नाही. पण या गावाची एक वही होती. त्या वहीची हकीकत वाचल्यापासून आम्ही गटाच्या वह्या पेटीत ठेवताना दोनदा विचार करतो. ती हकीकत सांगायची म्हणजे आधी गावाची सांगायला हवी.

पोलंडचं नाव आपल्या कोल्हापूर भागाला नवं नाही. लग्नाचा बस्ता बांधायला आपण गांधीनगरला जातो. तिथली साड्यांची दुकानं उभी राहण्याआधी त्या जागेवर वळिवड्याची छावणी होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८ या काळात, सुमारे पाच हजार पोलिश लोक या छावणीत राहिले. त्यात बायका आणि मुलंच जास्त होती. त्यांच्यासाठी शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं. ते परतल्यावर फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांना तिथं आसरा मिळाला आणि त्यातून आजचं गांधीनगर झालं. कोल्हापुरात महावीर उद्यानात या पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे, आणि पोलंडची राजधानी वॉर्सा इथंही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

आमच्या गटांतल्या वयस्क बायकांनी आपल्या आयांकडून या 'पोलंडवाल्या' बायकांबद्दल ऐकलेलं आहे. एका बैठकीत हा विषय निघाला आणि एका सुनेनं विचारलं की ताई, त्या इतक्या लांबून इथं आल्या, मग त्यांच्या गावात मागं राहिलेल्यांचं काय झालं? आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही वाचायला सुरुवात केली. वळिवड्याला आलेले लोक पोलंडच्या पूर्व भागातले होते. तो भाग १९३९ मध्ये सोव्हिएत रशियानं घेतला आणि तिथल्या लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियाकडे पाठवलं. त्यातूनच काही जण पुढं इराणमार्गे आपल्याकडे पोचले. त्याच पट्ट्यातलं, पण मागं राहिलेलं एक गाव म्हणजे तिकोचिन.

हे गाव पोलंडच्या ईशान्येला, नारेव नावाच्या नदीच्या काठी आहे. जवळचं मोठं शहर ब्यावीस्तोक, तीसेक किलोमीटरवर. नदीकाठी ओलं गवताळ रान, लाकडी घरं, उन्हाळ्यात घराच्या छपरांवर करकोच्यांची घरटी. आज तिथं दोन हजारांच्या आसपास लोक राहतात. तिकोचिन हे कधीकाळी शहर होतं. १९५० साली त्याचा शहराचा दर्जा काढून घेतला गेला आणि ते सरकारदरबारी खेडं झालं. १९९३ साली तो दर्जा परत मिळाला. शहर म्हणा की खेडं म्हणा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाता येईल एवढंच ते आहे.

या गावाचं आणखी एक नाव आहे, तिक्तिन. हे नाव तिथले ज्यू लोक वापरायचे. ज्यू म्हणजे यहुदी. आपल्या महाराष्ट्रालाही ते परके नाहीत. कोकणात अलिबाग, पेण, रेवदंडा या बाजूला शेकडो वर्षं ज्यू राहत आले. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी धर्माप्रमाणे काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. ते स्वतःला बेने इस्रायल म्हणवतात. पेणकर, रोहेकर अशी त्यांची आडनावं आहेत आणि घरात मराठी बोलतात. तिकोचिनचे ज्यू घरात यिद्दिश भाषा बोलायचे आणि देवाचं काम हिब्रूत करायचे. शनिवार मात्र दोन्हीकडे सारखाच पाळला जायचा.

हे ज्यू तिकोचिनला आले १५२२ साली. त्या वेळी गावाचा मालक ओल्ब्राख्त गाश्तोल्ड नावाचा मोठा सरदार होता. गाव वाढवायचं तर व्यापार पाहिजे, कारागीर पाहिजेत, म्हणून त्यानं ग्रोद्नो शहरातून दहा ज्यू कुटुंबांना बोलावून आणलं. आपल्याकडेही पेठ वसवताना वाणी, कोष्टी, तांबट यांना सवलती देऊन आणायची पद्धत होती, तसंच ते होतं. या दहा घरांना राहायला जागा दिली, बाजारात दुकानं मांडायची परवानगी दिली, प्रार्थनाघराला आणि दफनभूमीला जमीन दिली. त्या दहा घरांपासून तिकोचिनची ज्यू वस्ती वाढत गेली. शे-सव्वाशे वर्षांत ती त्या सगळ्या मुलखातल्या मोठ्या आणि वजनदार वस्त्यांपैकी एक झाली. आजूबाजूच्या लहान वस्त्यांनी कुणाच्या अधिकारात राहायचं यावरून तिकोचिन आणि ग्रोद्नो यांच्यात बरीच वर्षं भांडणही चाललं. ज्या शहरातून दहा घरं आली, त्याच शहराशी बरोबरी करण्याइतकं हे गाव मोठं झालं होतं.

गावाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मधे मोठा बाजारचौक. पूर्वेच्या टोकाला कॅथलिक ख्रिश्चनांचं भव्य चर्च. पश्चिमेच्या बाजूला ज्यूंची वस्ती आणि त्यांचं प्रार्थनाघर, म्हणजे सिनेगॉग. एका टोकाला घंटा वाजायची, दुसऱ्या टोकाला मंत्र म्हटले जायचे, आणि मधल्या चौकात सगळे सौदे करायचे. अठराव्या शतकात यान क्लेमेन्स ब्रानित्स्की या सरदारानं गावाची नव्यानं आखणी केली. आज दिसणारं चर्च आणि चौक त्याच्याच काळातले. चौकात चार्न्येत्स्की नावाच्या पोलिश सेनापतीचा पुतळा आहे, तोही ब्रानित्स्कीनंच १७६३ साली बसवला.

सिनेगॉग त्याहून जुनं आहे. आधी तिथं लाकडी इमारत होती. १६४२ साली तिच्या जागी विटांची भक्कम इमारत बांधली गेली. तिचे फोटो आम्ही गटातल्या बायकांना मोबाइलवर दाखवले. बाहेरून ती एखाद्या धान्याच्या कोठारासारखी साधी दिसते, जाड भिंतींची आणि मोठ्या छपराची. आत गेलं की मधोमध चार खांब आणि त्यांच्यामध्ये उंच ओटा आहे. त्या ओट्यावर उभं राहून धर्मग्रंथ वाचला जायचा. आणि चारही भिंतींवर हिब्रू अक्षरांत प्रार्थना लिहिल्या आहेत, चौकटी काढून, वेलबुट्टी काढून, रंगवून. त्या काळी पुस्तकं महाग होती. ज्याच्याकडे पुस्तक नसेल त्यानं भिंतीकडे बघून प्रार्थना म्हणावी. शाळेत फळ्याजवळच्या भिंतीवर बाराखडी रंगवतात, ते आम्हाला आठवलं.

बायका कुठं बसायच्या, हे आमच्या बायकांनी लगेच विचारलं. बायकांची जागा वेगळी होती, भिंतीपलीकडे. त्यांना ऐकता यायचं, पण मधल्या ओट्यावर त्यांना जागा नव्हती. खरं तर अशा गावांमध्ये बाजार बायकांच्या जिवावर चालायचा. ज्या घरातला पुरुष धर्मग्रंथांच्या अभ्यासाला वाहून घेतलेला असेल, तिथं दुकान, हिशेब आणि गिऱ्हाईक सगळं बाईच बघायची. शेतकऱ्यांशी पोलिश भाषेत भाव करायची आणि घरी येऊन यिद्दिशमध्ये मुलांना रागवायची.

आता वहीकडे येऊ. जुन्या पोलंडमध्ये प्रत्येक ज्यू वस्तीची स्वतःची पंचायत असायची. तिला कहाल म्हणत. कहालवर दरवर्षी माणसं निवडली जात. सरकारचा कर कुणी किती भरायचा ते कहाल ठरवायचं. धर्मगुरूचा, म्हणजे राब्बीचा पगार, गरिबांना मदत, गरीब मुलींच्या लग्नाची सोय, आपापसातली भांडणं, बाहेरून आलेल्या माणसाला गावात राहू द्यायचं की नाही, हे सगळं कहालच्या हातात असायचं. अशा सगळ्या कहालांच्या वर चार प्रांतांची परिषद होती. ती १७६४ पर्यंत चालली. आपला गट, गटांचा ग्रामसंघ आणि त्यावर प्रभागसंघ असतो, तसाच काहीसा तो प्रकार. फरक मोठा आहे. कहालमध्ये मत होतं ते कर भरणाऱ्या पुरुषांनाच, आणि सत्ता बहुतेक वेळा मोजक्या पैसेवाल्या घरांत फिरायची.

कहाल जे काही ठरवायचं ते एका वहीत लिहिलं जायचं. त्या वहीला पिंकास म्हणतात. तिकोचिनच्या पिंकासमध्ये १६२१ पासून १८०६ पर्यंतच्या नोंदी होत्या. म्हणजे १८५ वर्षांचे ठराव, करार आणि नियम. पिढ्यान्‌पिढ्या लिहिणारे बदलले असतील, शाई बदलली असेल, वर राजे बदलले. मधे युद्धं झाली, आगी लागल्या, पोलंड देशच तीन शेजाऱ्यांनी वाटून घेतला. तरी नोंदी चालू राहिल्या.

गटाचं इतिवृत्त लिहिणाऱ्या कुणालाही यात काय कष्ट आहेत ते कळेल. आमच्याकडे सात-आठ वर्षांत तीन सचिव बदलल्या. एकीचं अक्षर लागत नाही, दुसरी तारीख घालायची विसरते. बैठक संपली की सगळ्यांना घरी जायची घाई असते, आणि ठराव लिहायचा राहतो तो पुढच्या बैठकीपर्यंत.

कर्जाचंही एक सांगतो. सतराव्या-अठराव्या शतकात पोलंडमधली अनेक कहालं कर्ज काढून चालायची. आणि ती कर्जं कुणाकडून घ्यायची, तर कित्येकदा ख्रिश्चन मठांकडून आणि सरदारांकडून. दरवर्षी व्याज भरायचं, मुद्दल तसंच ठेवायचं. मठाला खात्रीचं उत्पन्न आणि कहालला रोख पैसा. धर्म वेगळा, देव वेगळा, एकमेकांबद्दल मनात अढीसुद्धा असायची, पण खातं एकच. आमच्यातल्या एका काकूंनी हे ऐकून म्हटलं की व्याजाला जात नसते. बैठकीत हशा झाला खरा, पण पुढं काय घडलं ते ऐकताना या एकाच खात्याची आठवण ठेवा.

एकोणिसाव्या शतकात तिकोचिनचे दिवस उतरले. १८६२ साली वॉर्साहून पीटर्सबर्गला जाणारी रेल्वे सुरू झाली, ती ब्यावीस्तोकवरून गेली आणि तिकोचिनला बगल देऊन गेली. ब्यावीस्तोकला कापडाच्या गिरण्या निघाल्या. हाताला काम पाहिजे असणारी माणसं तिकडं गेली, काही अमेरिकेला गेली. तिकोचिनमध्ये १८३७ साली जन्मलेला मार्कुस झामेनहोफ हा शिक्षकही असाच ब्यावीस्तोकला गेला. त्याचा मुलगा लुडविक यानं लहानपणी त्या शहरात रशियन, पोलिश, जर्मन आणि यिद्दिश बोलणारे लोक एकमेकांशी भांडताना पाहिले. सगळ्यांना शिकायला सोपी आणि कुणा एकाची नसलेली भाषा असली तर ही भांडणं कमी होतील, असं त्याला वाटलं. त्यानं १८८७ साली एस्पेरांतो ही नवी भाषा लोकांपुढे ठेवली. आजही जगात ती शिकणारे आहेत. तिकोचिनच्या एका घरातून निघालेली ही वाट.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा गावातली निम्म्याच्या जवळपास वस्ती ज्यूंची होती. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशिया या दोघांनी पोलंड वाटून घेतला आणि तिकोचिन रशियाच्या ताब्यात गेलं. या काळात पूर्व पोलंडमधून लोकांना सैबेरियाला पाठवणं सुरू झालं. वळिवड्याच्या बायका त्याच लाटेतल्या. जून १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावर हल्ला केला आणि थोड्याच दिवसांत तिकोचिनमध्ये हिटलरचं सैन्य आलं.

मैत्रिणींनो, पुढचं सांगणं अवघड आहे, पण ते टाळलं तर या गावाची गोष्ट खोटी होईल.

सुरुवातीच्या दिवसांतच काही स्थानिक लोकांनी ज्यूंची घरं-दुकानं लुटली. ऑगस्टमध्ये फर्मान निघालं की सगळ्या ज्यूंनी दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारचौकात जमायचं. २५ ऑगस्ट १९४१ ची ती सकाळ. जिथं पिढ्यान्‌पिढ्या भाजी, मीठ, कापड विकलं, त्याच चौकात त्यांना उभं केलं. तिथून त्यांना गावापासून काही किलोमीटरवरच्या वोपुखोवोच्या जंगलात नेलं. जंगलात मोठे खड्डे तयार होते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, २६ ऑगस्टला, जवळजवळ सगळ्यांना गोळ्या घालून मारलं. म्हातारी माणसं, बाळंतिणी, लहान मुलं, कुणालाही सोडलं नाही. मारलेल्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास सांगितली जाते. आज त्या गावाची सगळी मिळून लोकसंख्या जेवढी आहे, साधारण तेवढी.

दहा घरांपासून सुरू झालेली ४१९ वर्षांची वस्ती दोन दिवसांत संपली. थोडे लपून वाचले, काही आधीच परदेशी गेलेले होते. युद्धानंतर मोजकेच परत आले, आणि तेही राहिले नाहीत. पुढं १९४४ साली जर्मनांनी तिकोचिनच्या पोलिश कॅथलिक रहिवाशांपैकीही अनेकांना पकडून छळछावण्यांत पाठवलं. दुःख दोन्ही टोकांना आलं, पण चौकाच्या पश्चिमेला त्यानंतर रडायलाही कुणी उरलं नाही.

ज्यांना १९४० मध्ये सैबेरियाच्या गाडीत कोंबलं, त्यांना त्या दिवशी आपलं सगळं संपलं असंच वाटलं असेल. त्यातले कित्येक थंडीनं, उपासानं, तापानं गेले. पण जे जगले त्यातले काही वळिवड्याला पोचले आणि इथल्या आंब्याच्या सावलीत शाळा शिकले. तिकोचिनचे ज्यू आपल्या घरात राहिले, आणि मृत्यू त्यांच्या चौकात आला. कुणाचं नशीब कुठल्या वाटेनं वळतं ते त्या वेळी कुणालाच कळत नाही. आमच्या बैठकीत त्या सुनेनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे असं निघालं. ते सांगितल्यावर त्या दिवशी पुढचा विषय घेतलाच नाही.

माणसं गेली आणि त्यांच्याबरोबर वहीसुद्धा गेली. १८५ वर्षांच्या नोंदींची ती मूळ पिंकास युद्धात नाहीशी झाली. पण इस्रायल हाल्पेरिन नावाच्या एका इतिहासकारानं ती नाहीशी होण्याआधी तिच्यातल्या नोंदी उतरवून घेतल्या होत्या. हाल्पेरिन पुढं जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात शिकवायचे. त्यांचं १९७१ मध्ये निधन झालं. मग मोर्देखाय नादाव या दुसऱ्या अभ्यासकानं त्या हस्तलिखित प्रतीवर काम केलं आणि १९९० च्या दशकात ती जेरुसलेममध्ये पुस्तकरूपानं छापली गेली. आज तिकोचिनच्या कहालनं काय ठरवलं, कुणाशी काय करार केला, हे आपल्याला कळतं ते या नकलेमुळे. हाल्पेरिन लिहून घेत होते तेव्हा मूळ वही जागेवर होती आणि गावही नांदतं होतं. आहे त्या वस्तूची नक्कल कशाला करायची, असं कुणीही म्हटलं असतं.

दुसरी एक वही वाचलेल्या लोकांनी स्वतः लिहिली. जगभर विखुरलेल्या तिकोचिनकरांनी मिळून १९५९ साली तेल अवीवमध्ये 'सेफेर तिक्तिन', म्हणजे तिक्तिनचा ग्रंथ, छापला. गावातल्या माणसांच्या, घरांच्या, शाळेच्या आठवणी त्यात आहेत. पूर्व युरोपातल्या शेकडो नष्ट झालेल्या ज्यू गावांची अशी आठवणींची पुस्तकं आहेत. ज्यांना कबर मिळाली नाही त्यांची नावं निदान कागदावर राहावीत, हा त्यामागचा हेतू.

सिनेगॉगची इमारत मात्र उभी राहिली. युद्धात जर्मनांनी तिचं कोठार केलं. युद्धानंतरही बरीच वर्षं ती कोठार म्हणूनच वापरली गेली. प्रार्थना करणारं कुणी नव्हतंच. १९७० च्या दशकात तिची नीट दुरुस्ती झाली, भिंतींवरची अक्षरं पुन्हा उजेडात आणली गेली आणि तिथं संग्रहालय सुरू झालं. समोरच्या जुन्या अभ्यासगृहाचीही डागडुजी झाली. हे काम केलं ते पोलिश लोकांनी. गावात ज्यू माणूस उरलेला नसताना तिथल्या कॅथलिक लोकांनी ज्यूंचं पुरीम सणाचं नाटकही बसवलं आहे. काहींना ते आवडतं. आपले शेजारी कसे होते ते मुलांना कळतं, असं त्यांना वाटतं. काहींना ते बोचतं. ज्यांचा सण ते नाहीत आणि सोंग तेवढं उरलं, असं त्यांना वाटतं. आमच्यातही यावर दोन तट पडले. एकीचं म्हणणं होतं की भिंत पडू देण्यापेक्षा कुणी का होईना, जपलेली बरी. दुसरी म्हणाली की जपा, पण लूटही सांगा. चांगलं तेवढंच दाखवू नका. आम्हाला दोघींचंही पटलं.

जुनी दफनभूमी गावाच्या कडेला आहे. ती पोलंडमधल्या फार जुन्या ज्यू दफनभूमींपैकी एक. आता तिथं गवत आहे आणि गवतात थोडेच दगड उभे आहेत. वोपुखोवोच्या जंगलात खड्ड्यांच्या जागी कुंपणं आणि स्मारकं केली आहेत. इस्रायलमधून शाळा-कॉलेजची मुलं गटागटानं तिथं येतात, दिवे लावतात आणि नावं वाचतात.

कोकणातले बेने इस्रायलही बहुतेक गेले. १९४८ मध्ये इस्रायल देश झाल्यावर ते हळूहळू तिकडे स्थायिक झाले. पण ते आपल्या मर्जीनं गेले, सामान बांधून गेले, शेजाऱ्यांचा निरोप घेऊन गेले. तिकडे अजून मराठी बोलतात आणि 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी चालवलं. अलिबागचं सिनेगॉग उभं आहे आणि तिथं दिवाही लागतो. गाव सोडणं आणि गावातून पुसलं जाणं यांतला फरक आम्हाला इथं कळला.

शेवटी आमच्या घरचं सांगतो. २०१९ च्या महापुरात आमच्या एका गटाची पत्र्याची पेटी पाण्यात गेली. जीव वाचवायचे की पेटी, असा प्रश्नच नव्हता. पाणी ओसरल्यावर पेटी सापडली, पण आतल्या वह्यांचा लगदा झाला होता. इतिवृत्त गेलं, हजेरी गेली, बचतीचं आणि अंतर्गत कर्जाचं रजिस्टर गेलं. बायकांची पासबुकंही घरोघरी भिजली होती. बँकेतली एकूण रक्कम कळली, पण त्यातले कुणाचे किती, ते कळेना. आम्ही चार रात्री बसून आठवून आठवून लिहिलं. बहुतेकींचा हिशेब जुळला. एका सभासद मावशींचा जुळेना. त्या पुराच्या आदल्या वर्षीच वारल्या होत्या. त्यांची लेक आईची बचत मागायला आली. मावशींनी मधे दोन वेळा उचल घेतली होती असं काहींना आठवत होतं, काहींना ती फेडल्याचंही आठवत होतं. गटानं चर्चा करून लेकीला एक रक्कम दिली. तिनं ती घेतली आणि काही बोलली नाही. आम्ही जास्त दिले की कमी, हे आजही आम्हाला माहीत नाही. मावशींनी बारा वर्षं पै-पै करून ठेवलेल्या पैशाचा शब्द आमच्याकडे होता, आणि तो आम्हाला धड पाळता आला नाही.

म्हणून आमची तुम्हाला विनंती आहे. गटाच्या वहीची एक नक्कल करा. दर बैठकीनंतर पानांचे फोटो काढून दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. शक्य असेल तर वर्षातून एकदा हातानं उतरवून काढा आणि ती प्रत दुसऱ्या वाडीतल्या गटाकडे द्या. पूर एका गावात आला तरी दुसऱ्या गावातली वही वाचेल.

आणि त्या वहीच्या मागच्या पानांवर आणखी थोडं लिहा. तिकोचिनच्या वहीत पुरुषांच्या सभेचे ठराव उतरले. बाजारात उभी राहून घर चालवणारी बाई भिंतीपलीकडेच राहिली. आपल्या वहीत तरी तसं व्हायला नको. गट कुणाच्या ओसरीवर सुरू झाला, पहिले दहा रुपये कुणी ठेवले, कुणाच्या सासूनं विरोध केला आणि नंतर तीच हिशेब कशी बघायला लागली, हे लिहा. गावातून कोणती घरं गेली, का गेली, त्यांचा पार कुठं होता, विहीर कुठं होती, तेही लिहा. आपल्या गावात कुणावर अन्याय झाला असेल तर तो गाळू नका. वळिवड्याच्या छावणीबद्दल ऐकलेली एखादी आजी तुमच्या घरात असेल तर आजच तिच्याजवळ बसा आणि ती सांगेल ते टिपून घ्या. जमलं तर आमच्या रेडिओ केंद्रावर तिला घेऊन या. आम्ही तिचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवू.

पुढच्या महिन्यात आपण पुन्हा नेहमीच्या विषयाकडे वळू. वही कशी लिहायची, कोणते रकाने आखायचे आणि ताळा कसा घ्यायचा, हे सविस्तर सांगू. वही-पेन घेऊन बसा.